छातीवर खवले नसलेला मासा

कॉलेजातून आले की मला घरात थेट पाय टाकता यायचा नाही. माय अंगणातल्या चुलीवर पाणी तापवून ठेवायची आणि न्हाणीच्या दगडावर माझे घरचे कपडे. डोक्यावरून पाणी घेऊन, कॉलेजचे कपडे बाहेरच्या दोरीवर टाकून, मगच उंबरा ओलांडायचा. एवढं करूनही वास जात नसे. फॉर्मलीन, म्हणजे मेलेले प्राणी टिकवायचं औषध, ज्यांनी कधी हाताळलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. तो वास नाकात कमी आणि डोळ्यांत जास्त शिरतो, आणि बोटांच्या पेरांत असा मुरतो की लिंबू चोळा, राख चोळा, भाकर मोडली की पहिला तोच पुढे येतो. म्हणून माझं ताट ओसरीवर लागायचं. आत चुलीपुढे दादा, म्हणजे माझे वडील, दोघे भाऊ आणि माय. बाहेर मी, आणि माझ्या शेजारी उद्याच्या गाडीसाठी उतरवून ठेवलेले केळीचे घड. कुणी मला तिथं बस म्हणून सांगितलं नव्हतं. एक दिवस माझं ताट तिथं होतं, दुसऱ्या दिवशीही तिथंच होतं, आणि मग ती माझी जागा झाली.

डोंगरकडा गावात आमचा केळीचा लहानसा मळा. केळीच्या मळ्याजवळ जे राहिले नाहीत त्यांना वाटतं तिथं शांतता असते. वाऱ्यानं फाटून चिंध्या झालेली पानं दिवसभर एकमेकांवर आपटत असतात, ऐकणाऱ्याला वाटावं की कुणीतरी ओले कपडे झटकतंय. त्यात विहिरीवरच्या मोटारीची घरघर, आणि घड भरायला आलेल्या ट्रकवाल्यांची हाळी. दादा घड उतरवायचे आणि घरी विकायच्या मालाच्या फण्या सुरीनं कापून वेगळ्या करायचे. त्यांच्या हाताला चिकाचे काळे डाग कायमचे. गळ्यात तुळशीची माळ. आमच्या घरात मांस-मच्छी तर सोडाच, अंड्याचं नाव निघालं तरी माय हात धुऊन यायची. जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि केळफूल निघालं की त्याची भाजी. केळफुलाची भाजी निवडायला वेळ लागतो, एकेका फुलातला कडक दांडा काढावा लागतो. ते काम माझ्याकडे असायचं. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतल्यावर मायनं ते काम माझ्याकडून काढून घेतलं.

"ते मासे जिते असत्यात का गं?" तिनं एकदा आतूनच विचारलं.

"न्हाई माय, मेलेले. बरणीत असत्यात."

"मग मेलेल्याची काय मोजदाद करून राहिली?"

"जात ठरवायला."

दादा भाकर मोडता मोडता म्हणाले, "जात तिथंबी सोडली न्हाई का लोकायनं?"

आत सगळे हसले. मीही हसले, पण ओसरीवर एकटं हसलं की ते हसणं आपल्यालाच ऐकू येतं, म्हणून लगेच थांबले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कुणी नव्हतं. हे मी आजही छाती पुढे काढून सांगते, आणि ऐकणाऱ्याला त्यात काय मोठं असं वाटलं तर तो त्याचा प्रश्न आहे. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचं, बाळापूर, कळमनुरी करत हिंगोली गाठायची. गाडीत बसायला जागा मिळाली तर पुस्तक उघडायचं, नाही मिळाली तर डोक्यातल्या डोक्यात पाठ म्हणायचं. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शेजारी कोंबड्या घेऊन बसलेली बाई मला विचारायची, "कोणतं स्तोत्र म्हणून राहिली माय?" मी म्हणायचे, "परीक्षेचं."

प्राणिशास्त्राचे पेडणेकर सर कोकणातले. समुद्राच्या काठावर वाढलेला माणूस नोकरीच्या पायी आमच्या हिंगोलीत येऊन पडला होता, आणि इतक्या वर्षांनीही त्यांना इथल्या पाण्याची चव आवडली नव्हती. पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी ट्रेमध्ये एक मासा ठेवला आणि विचारलं, "ह्याला काय म्हणतात?"

वर्गातली सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "मासा!"

"बरोबर. आणि तुम्हा सगळ्यांना माणूस म्हणतात. बसा."

तो मासा म्हणजे कोकर. समुद्रात राहणारा, रुंद अंगाचा, शेपटीजवळ एकदम निमुळता. सर म्हणाले, याच्या बगलेवरून एक रेष जाते आणि शेपटीकडे त्या रेषेवर काटेरी ढाली असतात, या कुलाची ती एक खूण. ज्यांना बघायचंय त्यांनी बोट फिरवून बघा. पोरी नाकाला ओढण्या लावून मागं सरल्या. पोरं एकमेकांना पुढं ढकलायला लागली. मी शेपटीकडून डोक्याकडे बोट ओढलं आणि ते करवतीवर घासल्यासारखं चरचरलं. रक्ताचा एक थेंब आला. सर माझ्याकडे बघत होते. "उलट फिरवलंस," ते म्हणाले, "पण फिरवलंस." त्या दिवाळीच्या सुटीत त्यांनी मला बोलावलं. त्यांना कोकर माशांच्या एका प्रजातीचं वर्गीकरण नव्यानं लावायचं होतं आणि मोजायला हात हवे होते.

त्या प्रजातीचं, म्हणजे जवळच्या बऱ्याच जातींच्या गटाचं, नाव कॅरँगॉइडीस. सर उन्हाळ्यात गावी गेले की येताना बरण्या भरून मासे आणायचे, एसटीच्या टपावर गोणपाटात बांधून. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत त्यांचं कपाट होतं आणि त्या कपाटात रंग गेलेले, सगळे सारख्याच मळक्या तपकिरी रंगाचे मासे उभे. समुद्रात ते चांदीसारखे असतात, कुणाच्या अंगावर पिवळे ठिपके असतात, हे सर सांगायचे म्हणून मी मानायचे. मी ना समुद्र पाहिला होता ना जिवंत कोकर. पण रंग गेला तरी जात जात नाही. बगलेवरच्या ढाली मोजायच्या, कल्ल्यांच्या कमानीवरचे कंगव्यासारखे दात्रे सुईनं एकेक वेगळे करून मोजायचे, जबड्यातल्या दातांची रांग बघायची. जवळच्या दुसऱ्या प्रजातीच्या तोंडात सुळ्यासारखे मोठे दात असतात, ह्यांच्यात बारक्या दातांचा नुसता पट्टा. आणि शेवटी छाती. बऱ्याच जातींत गळ्याखाली छातीवर खवले नसतात, कातडी उघडी असते. कुणाची उघडी जागा परापर्यंत, म्हणजे पोहायच्या पंखापर्यंत, जाते, कुणाची अर्ध्यावर थांबते, कुणाची छाती पूर्ण झाकलेली. त्या उघड्या जागेच्या हद्दीवरून जाती वेगळ्या काढायच्या. मी बघायचे, सर लिहायचे. बोलणं तेवढंच, पण ते बोलणं त्या तालुक्यात दुसऱ्या कुणाशी होणार नव्हतं, ना माझं, ना त्यांचं.

दुपारी सर व्हरांड्यात डबा खायचे. डब्यात भात आणि सुकट. सुकटीच्या वासानं बाकीचे प्राध्यापक आपापले डबे उचलून स्टाफरूममध्ये जायचे. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मी माझी भाकर सोडायचे. मध्ये लांबच लांब फरशी. करीममामू, आमचे प्रयोगशाळेचे शिपाई, पाण्याचा जग घेऊन आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे यायचे. "एक साब इधर, एक साब उधर," ते म्हणायचे, "बीच में करीम का नल."

इथे थोडं थांबून आजचं सांगते. आता मी हिंगोलीत राहते, शाळेतली नोकरी पूर्ण करून घरी बसले आहे, आणि माझ्या भाचीची मुलगी मुंबईकडे जीवशास्त्र शिकते. मागं एकदा तिनं फोनवर सांगितलं, "आत्याआजी, तुझी ती कॅरँगॉइडीस आता मोडली. डीएनए बघितल्यावर कळलं की ते सगळे एका घरचे नव्हतेच. बऱ्याच जणांना नव्या प्रजातींत टाकलं." मी फोन ठेवला आणि पायरीवर येऊन बसले. शेजारच्या वहिनी डोकावून म्हणाल्या, "काय झालं मॅडम? कुणी गेलं का?" मी म्हटलं, "न्हाई हो. मासे वेगळे निघाले." त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. मला ते एकाच माणसाला सांगायचं होतं, आणि त्या माणसाला जाऊन कितीतरी दिवस झाले होते. सर असते तर म्हणाले असते, चला, पुन्हा पहिल्यापासून. त्यांना पुन्हा पहिल्यापासून करायची सवय होती. ती कशी लागली, ते मी पाहिलं आहे.

मी शेवटच्या वर्षाला होते. उन्हाळ्याची सुटी संपवून सर आले ते वेगळेच आले. केस कापलेले, शर्टाला इस्त्री. मला मागच्या खोलीत नेऊन त्यांनी एक बरणी टेबलावर ठेवली. आत तीन कोकर, एकाच दिवशीचे, एकाच जाळ्यातले.

"बघ. ढाली मोज, दात्रे मोज, दात बघ. मग मला सांग ही कोणती."

मी दुपारभर बसून मोजलं आणि एक ओळखीची जाती सांगितली, कपाटात जिच्या चार बरण्या होत्या.

"सगळे तेच म्हणतील. आता छाती बघ."

छाती उघडी होती. त्या ओळखीच्या जातीची छाती खवल्यांनी भरलेली असते. ह्या तिघांची गळ्यापासून पराच्या मुळापर्यंत कातडी मोकळी.

"नवी आहे," सर हळू आवाजात म्हणाले, जणू कपाटातल्या बाकीच्यांना ऐकू जाईल. "गोदावरी, ही कुणीच लिहिलेली नाही."

त्यांच्या मनात सगळं लागून राहिलेलं होतं. समुद्रकाठच्या एका संशोधन केंद्रात जागा निघाली होती आणि मुलाखत होती पावसाळ्यानंतर. नुसत्या मराठवाड्यातल्या मास्तरला तिथं कोण विचारणार? पण नवी जाती हातात घेऊन गेलेल्या माणसाला विचारतील. त्या जातीला ते आपल्या गावाचं नाव देणार होते. त्यांनी टाइप केलेला लेख मला दाखवला आणि शेवटचं पान उलटून बोट ठेवलं. तिथं आभारात माझं नाव होतं, कुमारी लावून, आडनावासकट. मी तोवर माझं नाव छापलेलं फक्त निकालाच्या कागदावर पाहिलं होतं.

घरी सांगितलं तर दादा म्हणाले, "पोथीत येणार का नाव?"

"पुस्तकात. इंग्रजीत."

"इंग्रजीत? मग वाचणार कोण?"

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर मला तीन जणांनी विचारलं, कोणत्या पुस्तकात नाव आलं म्हणून. दादांनी आख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं. त्या आठवड्यात मायनं माझं ताट ओसरीवरून थोडं आत सरकवलं, दाराच्या चौकटीला लागून.

लेखाला चित्र हवं होतं. माझा हात चित्राला बरा, म्हणून सरांनी छातीचं चित्र काढायचं काम मला दिलं. भिंगाखाली बघून, पेन्सिलीनं. ते तास घ्यायला गेले आणि मी खोलीत एकटी बसले. बाहेर पावसाची भुरभुर, दिवा लावावा लागला होता. भिंग खाली आणलं आणि मला ते दिसलं. उघड्या कातडीवर बारीक बारीक खिसे होते. ओळीनं, एकमेकांत गुंतलेले, रिकामे. घडावरच्या फण्या कापून घेतल्या की उरलेल्या दांड्यावर जशा फण्यांच्या खुणा राहतात, एकाखाली एक, तशा. पराच्या बाजूला एका खिशात अर्धं खवलं अडकून राहिलेलं, आणि ते एका दिशेला मोडलेलं. मी कपाटातून खरोखर उघड्या छातीची एक जात काढली आणि तिच्यावर भिंग धरलं. तिची कातडी गुळगुळीत. खिसा नाही, खूण नाही, काही नाही.

आता जे सांगते त्यावर माझ्या कोकणातल्या मैत्रिणी हसतात. शिजवायच्या आधी माशाची खवलं काढतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी कुणी मासा चिरलेला नाही, आमच्या आळीत नाही, चिरताना बघायला मी कधी कुणाच्या दारात उभी राहिले नाही. खवलं म्हणजे माशाचं कातडं, आपल्या नखांसारखं अंगाचंच, एवढीच माझी समजूत. मेल्यावर ते कुणी खरवडून काढत असेल हे माझ्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं. मला फक्त एवढं कळलं की इथं काहीतरी होतं आणि ते आता नाही. ते काहून नाही, ते कळत नव्हतं. आणि पेन्सिल माझ्या हातात होती. कातडी गुळगुळीत काढली असती तर ते चित्र लेखात गेलं असतं, लेखाबरोबर सर समुद्राकडे गेले असते, आणि शेवटच्या पानावर मी राहिले असते. खिसे काढले तर काय होणार, हे मला नेमकं समजत नव्हतं, पण चांगलं होणार नाही एवढं समजत होतं. त्या दिवशी चित्र न काढताच मी गाडी पकडली. घरी चौकटीला टेकून जेवले. माय म्हणाली, "आज काहून गप? वरण अळणी झालं का?" मी म्हटलं, "न्हाई, बराबर हाय."

दुसऱ्या दिवशी मी जे दिसलं ते काढलं. खिसे, ओळी, ते मोडलेलं खवलं. सर आले आणि चित्र हातात घेऊन उभ्या उभ्या बघत राहिले.

"हे काय काढलंस?"

"दिसलं ते, सर."

"छाती उघडी आहे."

"व्हय. पण तिथं खवलं होती, ती गेली कुठं?"

सर हसले. मग हसायचे थांबले. "खवलं काढतात ती मासा करताना."

"करताना म्हणजे?"

"शिजवायच्या आधी, गोदावरी. सुरीनं." हे म्हणत म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि भिंगाला डोळा लावला. करीममामू चहा ठेवून गेले. चहावर साय आली तरी सरांनी डोळा काढला नाही. तिन्ही मासे बघून झाल्यावर ते म्हणाले, "चल, तुझी गाडी आहे ना? मलाही स्टँडकडेच जायचंय."

बसस्टँडसमोर टेलिफोनचं बूथ होतं, काचेचं. सर आत गेले, मी बाहेर उभी राहिले. काचेचं दार नीट लागत नव्हतं म्हणून त्यांचा आवाज फटीतून येत होता. "ताई, मी बोलतोय... हो, जेवलो. ताई, मे महिन्यात तुझ्याकडून ते तीन कोकर घेतले ना, बरणीत घालायला... हो तेच. त्यांना तू सुरी लावलेलीस?" मग पलीकडून बरंच बोलणं चाललं असावं. सरांनी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला आणि तो तसाच धरून ते रस्त्याकडे बघत राहिले, जिथं उसाच्या रसाचा गाडा होता आणि त्याची घुंगरं वाजत होती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं, आणि मला वाटतं ते मला सांगत नव्हते, स्वतःलाच सांगत होते. मासे सकाळी त्यांच्या बहिणीनं होडीवरून घेतले. घेतलेला मासा हातात आला की सुरी चालते, ती सवय. गळ्याखालून सुरुवात केली, परापर्यंत आली, आणि तेवढ्यात तिला आठवलं की हे बाबूच्या, म्हणजे सरांच्या, बरणीतले. मग तसेच ठेवले. तिन्ही माशांवर? हो, तिन्हीवर. ती एक घासून खाली ठेवते, मग दुसरा घेते. आधी सगळ्यांचे गळे, मग बाकीचं अंग.

"तिला वाटलं मी तक्रार करायला फोन केलाय," सर म्हणाले. "म्हणाली, रागावू नको, पुढच्या खेपेला सगळे पूर्ण साफ करून देते."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मीही तेच बघत आलो जन्मभर," ते म्हणाले. "खवलं काढलेला मासा. मला तो तसाच दिसतो." मग स्टँडकडे हात करून म्हणाले, "तुझी गाडी लागली."

त्यानंतर त्यांनी मागच्या खोलीला कुलूप लावलं. तास घ्यायचे, फळ्यावर लिहायचे, निघून जायचे. व्हरांड्यात डबा घेऊन येणं बंद केलं. मी माझ्या टोकाला भाकर सोडायचे आणि समोर फरशीच फरशी. करीममामू जग घेऊन यायचे आणि उगाच थोडा वेळ उभे राहायचे. "तुम दोनों में कुछ हुआ क्या, बेटी?" मी म्हणायचे, काही नाही मामू. काय सांगणार होते? भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं. पुढं परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस आले आणि एका सकाळी मामूच म्हणाले, "साब इंटरव्ह्यू को गये. अब नहीं आयेंगे, मेरेको तो ऐसाच लगता."

घरी दादांनी विचारलं, "नाव छापून आलं का?"

"न्हाई."

"काहून?"

"मासा जुनाच निघाला दादा."

दादांनी जरा विचार केला. "मग जुन्या माशाबराबर नाव द्यायला काय तकलीफ होती त्यायला?"

मायनं त्या संध्याकाळी माझं ताट पुन्हा ओसरीवर नेलं, की मीच उचलून नेलं, आता आठवत नाही. त्या दिवसांत मी इतकी एकटी होते की गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला थांबवून सांगावंसं वाटे, बाई, खवल्याला खिसा असतो. मला लोक विचारतात, त्या वेळी गुळगुळीत चित्र काढून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? सर समुद्राकडे गेले असते, तुमचं नाव झालं असतं. मला एक दिवसही तसं वाटलं नाही. वाईट वाटलं ते वेगळंच. मला वाटायचं, सर मला एवढं तरी म्हणतील की बघितलंस ते बरोबर होतं.

थंडी पडली होती. आमच्या केळीचे घड थंडीत उशिरा पिकतात, ओसरी रिकामी होती. एका सकाळी कॉलेजात गेले तर मागच्या खोलीचं दार उघडं. सर टेबलाशी बसले होते, कपाटाची सगळी दारं सताड उघडी, आणि बरण्या जमिनीवर ओळीनं काढून ठेवलेल्या. सर उन्हानं काळे पडले होते आणि पोट थोडं सुटलं होतं.

सर गावाहून आले की मी नेहमी विचारायचे तेच विचारलं. "मासे न्हाई आणले सर?"

"आणायला गेलो होतो," सर म्हणाले. "खाऊन आलो."

मग त्यांनी मुलाखतीचं सांगितलं. तिथं बसलेल्यांनी विचारलं, नवीन काय केलंत? सरांनी सांगितलं, एक नवी जाती सापडली होती, ती माझ्या बहिणीनं सुरीनं केलेली निघाली. ते हसले, सरही हसले. कुणी ओळखलं हे विचारलं, तर सरांनी सांगितलं, एका माळकऱ्याच्या मुलीनं, जिला मासा कसा खातात हे माहीत नाही. ते आणखी हसले. जागा दुसऱ्याला मिळाली.

"मग आता?" मी विचारलं.

"आता ह्या सगळ्या बरण्या मी अशाच डोळ्यांनी बघितल्यात. ह्यातल्या किती छात्या देवानं उघड्या ठेवल्या आणि किती आमच्या ताईनं, मला सांगता येत नाही." त्यांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं ओढला. "पहिल्यापासून. सगळे. तू सांगायचं, मी लिहायचं. बरणीवरचं नाव वाचायचं नाही."

"सगळे?"

"सगळे. गाडी किती वाजताची आहे तुझी?"

"पाचची. नंतरबी एक असते."

सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि वाट बघत बसले. मी बाह्या वर केल्या, पहिल्या बरणीचं झाकण फिरवलं, मासा ट्रेमध्ये उताणा केला आणि छातीपासून सुरुवात केली.